भिंतीवरची गोधडी

"ही गोधडी आधी खाली उतरवा," छबूबाई म्हणाल्या.

केडगावच्या हॉलमध्ये प्रदर्शन सुरू होऊन तासही झाला नव्हता. दारातून आत शिरलं की समोरच्याच भिंतीवर गोधडी, आणि तिच्याखाली ठळक पाटी: 'रंगसंवाद. कलाकार: लीना'. गोधडीचा एक कोपरा कापलेला होता. त्याचं बिनबाह्यांचं जाकीट शिवून लीनाताईंनी अंगात घातलं होतं आणि येणारा-जाणारा त्याचं कौतुक करत होता.

गोधडीत एक टाका घातला नव्हता लीनाताईंनी, आणि म्हणे कलाकार!

मोबाईलवर फोटो पाहून शेजारच्या रतनबाईंनीच छबूबाईंना कोल्हारहून एसटीनं आणलं होतं. त्या तावातावानं म्हणाल्या, "टाके हिच्या हातचे हायेत. हिचं नाव लावा तिथं."

"कशावरून?" लीनाताईंनी विचारलं.

मोकळ्या कपाळाच्या छबूबाईंनी लांबूनच बोट दाखवलं. "मधला तांबडा मालकांच्या फेट्याचा. भवतीनं हिरवा, तो माझ्या लग्नातल्या लुगड्याचा. निळा लेकीच्या शाळेच्या झग्याचा. कडंची टाक्यांची चौकडी माझ्या आईनं शिकवलेली. आमच्याकडं दुसरं कुनी ती घालत न्हाई."

लीनाताई जरा वरमल्या. "ज्याच्याकडून घेतली त्यानं कुणी शिवली ते सांगितलं नव्हतं. लावते तुमचं नाव. या ना, हात लावून बघा."

छबूबाई मागे सरकल्या. "नाव नको. खाली घ्या."

"अगं, देत्यात तर घे की," रतनबाई वैतागल्या. "डोळे गेले तुझे शिवून शिवून."

"नको म्हनलं ना."

आता लीनाताईंचाही पारा चढला. "कमाल आहे तुम्हा लोकांची. आपल्याच कलेची किंमत नाही. नदीकाठी टाकून दिलेली सापडली होती त्याला, चिखलात. मी धुतली, भिंतीवर लावली, चार लोकांना दाखवली. आणि वर माझ्यावरच राग?"

रतनबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि त्या लीनाताईंपासून दोन पावलं लांब झाल्या.

छबूबाई मात्र जाग्यावरून हलल्या नाहीत.

"टाकली न्हवती," त्या म्हणाल्या. "मालकांची हुती, मालकांना दिली. आदी अंगातलं ते जाकीट काढा, ताई. त्यांच्या तिरडीवरनं काढून ठेवलेली हाय ती."