उचगावचा कप्पा

हंबीररावानं दुकानात शिरताच आधी शटर खाली ओढलं. बरोबरच्या दोघांतल्या एकानं काउंटरवरचा कॉम्प्युटर उचलून फरशीवर आपटला. काचेचे तुकडे शांभवीच्या पायापर्यंत आले.

"त्यातलं परवाच पुसलंय की," सोमशेखर म्हणाला.

"म्हाईत हाय," हंबीरराव म्हणाला. "तरी फोडल्यालं बरं."

परवा ते असेच आले होते. सोमशेखरच्या मुलीनं, शांभवीनं, उचगावच्या जत्रेचे फोटो नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढले होते. गळ्याला चाकू लावून त्यांनी तिला अख्खं कार्ड आणि कॉम्प्युटरवरचे फोटोही पुसायला लावले. दोन बटणं दाबायला लागली, बस्स. तीच मिरवणूक तिच्या बापानं जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर टिपली होती, हे त्यांना नंतर कळलं. त्या रोलमध्ये हंबीरराव होता. त्याच्या हातात पहार होती आणि पहारीखाली आकाराम होता. आकाराम जागेवरच गेला. जत्रेत चारशे माणसं होती. पोलिसांनी विचारलं तेव्हा कुणीच काही बघितलं नव्हतं.

"निगेटिव्ह दे, आण्णा. आम्ही आलो तसं जातो."

सोमशेखरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सव्वादहा झाले होते. निगेटिव्ह दुकानात नव्हती. आकारामची आई, झुंबरबाई, ती सकाळीच पदराच्या गाठीत बांधून कोर्टात घेऊन गेली होती. कॉम्प्युटरवर कुणाच्याही धडावर कुणाचंही डोकं बसवता येतं, निगेटिव्हच आणा, असं वकिलानं तिला सांगितलं होतं. अकराला ती जज्जसाहेबांपुढं जायची होती. तोवर म्हातारी आवारातल्या झाडाखाली एकटी बसलेली असणार. दुकानापासून चालत दहा मिनिटांवर.

"देतो," सोमशेखर म्हणाला. "पण हुडकाय लागंल."

मागच्या भिंतीला छतापर्यंत कपाट होतं. तीस वर्षांच्या निगेटिव्ह त्यात होत्या, गावागणिक एक कप्पा. कप्प्यांवर नुसते आकडे होते. कुठलं गाव कुठल्या आकड्यात, ते बापलेकीलाच ठाऊक. आता रोल धुवायला कोण येतंय, कपाट भंगारात घालू आणि तिथं प्रिंटर ठेवू, असं शांभवी वर्षभर म्हणत होती.

सोमशेखर खाली बसला. त्यानं सगळ्यात खालचा कप्पा ओढला आणि एक पाकीट काढून दिलं. ते घरचं होतं. नृसिंहवाडीच्या घाटावर बायकांच्या घोळक्यात त्याची बायको शांतादेवी. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. शांभवीनं पाकीट ओळखलं. तिनं बापाकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

हंबीररावानं पट्टी ट्यूबलाइटकडं धरली. काळे चेहरे, पांढरे केस, पांढरे डोळे.

"ह्यातला मी कुठला?"

"डावीकडनं तिसरा."

त्यानं बराच वेळ निरखलं. "पहार दिसत न्हाई."

"मग फुडच्या पाकिटात असंल."

एकानं पट्टीला काडी लावली. ती जळण्याआधी वितळली, वाकडी झाली. मग दुसरं पाकीट. ते शांभवीच्या बारशाचं होतं. तिसरं सोमशेखरच्या वडलांचं, शेवटच्या आजारातलं. घरची पाकिटं साडेदहालाच संपली. पुढची गिऱ्हाइकांची होती. चौथ्यासाठी सोमशेखरनं कप्प्यात हात घातला, पण तो तिथंच घुटमळला.

हंबीररावानं ते बघितलं. त्यानं बूट उचलला आणि हात आत असतानाच कप्पा लाथेनं बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. तिसऱ्या वेळी सोमशेखरची शुद्ध जाता जाता राहिली.

"कुठला कप्पा?"

सोमशेखरनं मान हलवली. हंबीररावानं त्याचा दुसरा हात धरला.

"वरनं दुसरा," शांभवी म्हणाली. "उचगाव त्यात हाय."

"त्यो नगं," सोमशेखर म्हणाला. निगेटिव्ह मागितल्यापासून तेवढंच तो खरं बोलला, आणि त्यामुळंच त्यांना पटलं.

त्यांनी अख्खा कप्पा उपसून घमेल्यात ओतला. बरोबर आणलेल्या कॅनमधलं रॉकेल टाकलं. तीस वर्षांतली उचगावची लग्नं, शाळेतली पोरं, तालमीतले पैलवान, तिरडीवरची म्हातारी माणसं, सगळं एकदम पेटलं. दुकान काळ्या धुरानं भरलं. शेवटचं पाकीट जळेपर्यंत हंबीरराव नाकाला रुमाल लावून तिथंच उभा राहिला. मग शटर वर झालं आणि ते गेले. साडेअकरा व्हायला आले होते.

शांभवीनं बादली ओतली. बापाच्या हाताला टॉवेल गुंडाळला. बोटं कुठली कुठं गेली होती. ती रिक्षा बघायला निघाली, तर दारात झुंबरबाई उभी. कोर्टातून तशीच चालत आली होती.

"दिली," ती म्हणाली. "सायबांनी बघितली. ठिवून घेतली. त्येला उचलत्यात म्हणं आजच."

मग तिनं टॉवेलमधून गळणारं रक्त बघितलं. घमेलं बघितलं. खाली बसून तिनं त्याच्या गुडघ्याला हात लावला. 

"आण्णा, एक मागू का? दुखतंय तुमाला, आत्ता मागू ने, पण मागते. कोर्टात समद्यांनी बघितला त्यो फोटू. माज्यापशी माज्या आकारामचा दुसरा न्हाई. घरात यकबी न्हाई."

सोमशेखरनं घमेलं पायानं मागं सरकवलं.

"शाळंत असताना तुमीच काडलाता की. हसताना. पुडचा दात पडलाता त्या साली. उचगावच्यात असंल बघा."

शांभवी दारात थांबली. तिच्या पायाशी रिकामी बादली होती.

"गडबड न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "हात बरा झाला की सवडीनं हुडका."