दंडावरचे डाग

शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत बारा जण जमले होते. फळ्यासमोर तिसरीतल्या एका मुलीची आई उभी होती. तिच्या मुलीचं रक्त इतरांसारखं लवकर गोठत नाही. हे शिक्षकांना नीट समजावून सांगायला मुख्याध्यापकांनीच तिला बोलावलं होतं.

"नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही, थोडी पुढे झुकवायची," ती म्हणाली. "आणि नाक असं चिमटीत धरायचं. दहा मिनिटं. मध्येच सोडून बघायचं नाही."

गणिताच्या सरांनी लगेच स्वतःचं नाक धरलं. "हे असं का?" आवाज असा काही बेडकासारखा निघाला, की सगळे हसले. आईसुद्धा.

"डोक्याला लागलं तर मात्र क्षणभरही थांबू नका. बाहेरून काही दिसत नसलं तरी. थेट दवाखाना, आणि जाता जाता मला फोन."

हसू विरलं.

"त्यापेक्षा खेळाच्या तासाला तिला वर्गातच बसवतो," खेळाचे सर म्हणाले. "उगाच विषाची परीक्षा कशाला?"

"नका हो सर. पळू द्या तिला. धक्काबुक्कीचे खेळ तेवढे नकोत. सगळ्यांनी जपून जपून ठेवली, तर पोर अंगणातसुद्धा पाय टाकायची नाही."

मागच्या खुर्चीवर वर्गशिक्षिका इतका वेळ खाली मान घालून लिहून घेत होत्या. त्यांनी पेन बंद केलं.

"तिच्या दंडावरचे काळेनिळे डाग बघून तक्रार केली, ती मीच. घरी मारतात, असं लिहिलं होतं मी. तिच्या वडिलांना चौकीत दिवसभर बसवून ठेवलं, ते माझ्यामुळे."



"ठाऊक आहे मला, बाई," आई म्हणाली. "पण त्या तक्रारीमुळेच डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. आम्ही आपले म्हणत होतो, पोर वेंधळी आहे, आपटत असेल कुठेतरी."

"आणि तिचे वडील? फार रागावले असतील."

आईनं दाराकडे बोट दाखवलं. "त्यांनाच विचारा. बाहेर पायरीवर बसलेत. आत या म्हटलं, तर येईनात."

बाई बाहेर गेल्या. वडील लेकीचं दप्तर मांडीवर घेऊन बसले होते. लेक समोर मैदानात दोरीवरच्या उड्या मारत होती. बाईंना पाहून ते उभे राहिले. माफी मागायला बाईंनी हात जोडले.

"चौकीतून सुटल्यापासून तिला उचलून घ्यायला हात धजत नाही," तेच म्हणाले. मग दप्तर खांद्याला अडकवत लेकीकडे बघत राहिले.

"पण बाई, पुन्हा कुणाच्या पोराच्या अंगावर असे डाग दिसले, तर माझी आठवण काढून गप्प बसू नका."