पायथ्याची गोणी

डॉक्टर वृंदाताईंनी काळुरामच्या टाचेची पट्टी सोडली, तसे टेबलावर पांढरे खडे पडले. त्यांनी एक बोटांत चुरडून पाहिला. मीठ.

"काका, तुम्ही अजून मिठागरात जाता?"

"आगर कुठं हाय आता?" काळुराम म्हणाला. "बांध फुटला, खाडी आत आली. मी गेलो तर खेकडं विचारतील, कोन पायजे?"

खोटं नव्हतं. काळुरामने पेणच्या खाडीवर हयातभर मीठ पिकवलं. तळवे असे मुरले होते, की एकदा साप चावला तर सापच दिवसभर पाणी शोधत फिरला. पटत नसेल त्याने सापाला विचारावं. बायको इंदुबाई त्याच आगरात डोक्यावरून मीठ वाहायची. दोघांचं जमलं तेही तिथेच. मग आगर बुडालं, काळुरामला साखरेचा आजार जडला, पाय बधिर झाले आणि टाचेला जखम झाली. गोळ्या-इंजेक्शनांना जंतू दाद देईनात.

रोह्याच्या या दवाखान्यात नवं मलम आलं होतं. बेडकाच्या कातडीत जंतूंचं कवच फोडणारं एक चिमुकलं प्रथिन असतं, पेप्टाइड म्हणतात. त्याच्या धर्तीवर बनवलेलं.

"म्हंजे पावसात मी डरॉव करनार?" काळुरामने पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"आता काय वेगळं करताव?" इंदुबाई म्हणाली होती.

बाकीच्यांच्या जखमा भरत आल्या. याची तशीच.

"मिठात या औषधाचा जोर जातो," वृंदाताई म्हणाल्या. "त्यात हे अजून चाचणीत आहे. परवानगी मिळालीय ती नियम पाळायच्या अटीवर. गुण येत नसेल तर मला थांबवावं लागेल. आणि थांबवलं, तर पाय वाचणार नाही, काका. हे मीठ येतं कुठून?"

काळुराम पंख्याकडे बघत बसला.

"गोणी," शेजारी बसलेली इंदुबाई हळूच म्हणाली.

शेवटच्या पिकाची एक गोणी घरात होती, खाटेच्या पायथ्याला. काळुराम रोज तिच्यावर टाच टेकून झोपायचा. त्याशिवाय त्याला झोप लागत नाही, असं इंदुबाई शेजारणींना सांगायची. दमट हवेत गोणी पाझरायची, पट्टी भिजायची. बधिर टाचेला झोंबायचंही नाही.

"आजच्या आज ती घराबाहेर काढा," वृंदाताई म्हणाल्या.

"नाय," काळुराम म्हणाला. "पाय कापा. गोणी ऱ्हाऊ द्या."

त्याच्या आवाजात कुठे चेष्टा नव्हती. इंदुबाई उठून त्याच्या समोर आली.

"अवो, ती गोणी आपली नायच. आपलं मीठ दुसऱ्या पावसाळ्यातच पाझरून गेलं. तुम्ही नाक्यावर गेलाव, की मी दुकानातले खड्या मिठाचे पुडे फोडून भरायची. तुमचा जीव त्या आगरात, म्हनून."

काळुरामने पंख्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"म्हाईत हाय गो," तो म्हणाला. "आपलं मीठ करडं व्हतं. मला वाटलं, गोणी तुलाच पायजे."