सोवळ्यातल्या कोंबड्या

शिवाप्पानं कोंबडी पायांना धरून उलटी केली, हातातल्या हातात तोलली आणि पुन्हा जाळीआड सोडून दिली. दुसरी उचलली. तीही सोडली.

"तूक इल्ल, अक्का. वजनच नाही. नुसती पिसं."

हेमलताच्या कडेवरची नीला तिच्या पदराचं टोक चघळत होती. ते सोडवायचंही तिला सुचेना. आज कोंबड्या शिवाप्पाबरोबर आनेकलच्या हॉटेलात जायच्या होत्या. "ही खेप गेली की तू मोकळी," नवऱ्यानं, विद्याधरनं कबूल केलं होतं. मोकळी म्हणजे कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी. प्राचार्यबाई महिनाअखेरीपर्यंत थांबायला तयार होत्या, त्यापुढे नाही.

"खायला काय घालता?" शिवाप्पानं विचारलं. मूळचा बेळगावकडचा, त्यामुळे मराठी जमायचं त्याला.

तिनं मागच्या पडवीतल्या फळ्या दाखवल्या. पत्र्याच्या तबकांतून मक्याचे हिरवेगार कोंब दाटले होते. खाली माती नाही, नुसती मुळांची पांढरी चटई. विद्याधरनं ही विद्या कारखान्यातल्या कुणा जर्मन साहेबाकडून ऐकली. ऐकली त्यानं, पाणी शिंपडायचं हिनं. जरा उशीर झाला की कोंब माना टाकत, जरा जास्त झालं की बुरशी. बॉटनीच्या पदवीमुळे बुरशीची नावं तेवढी तिला ठाऊक होती. तबकं सोडून कित्येक महिन्यांत ती जयनगरच्या बाजारापलीकडे गेली नव्हती.

शिवाप्पानं मूठभर कोंब उपटून पिळले. बोटांतून पाणी गळलं.

"हे बघा. गाईला ठीक. कोंबडीला स्वल्प, तोंडी लावायला. मासळीची पूड नाही घालत?"

"शिव शिव!" दारात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई कडाडल्या. "सुकट, ह्या घरात? कोंबड्या झाल्या म्हणून काय झालं, आमच्या घरच्या आहेत त्या!"

"मग मुंजी करा अम्मा त्यांच्या," शिवाप्पा खो खो हसला. "हॉटेलवाला काय भटजी नेईल कापायला?"

"नको नेऊस. राहतील इथंच. आमची हेमा आहे की त्यांचं करायला. मूल सांभाळून किती निगुतीनं कोंब आणते बघ."

शेंगांचं सूप उचलून त्या आत गेल्या. मनापासूनचं कौतुक होतं ते. उलट काही बोलायला त्यात जागाच नव्हती.

हेमलतानं आतली चाहूल घेतली. भांडी वाजली तशी ती फाटकाशी गेली. शिवाप्पा रिकाम्या टोपल्या एकात एक घालत होता.

"पूड घातली तर महिनाअखेरीपर्यंत भरतील?"

"भरतील की."

"मग उद्या घेऊन या. दुपारी, त्या निजल्या की. मागच्या बाजूनं."

शिवाप्पाचे हात थांबले.

"सरी, बरं, आणतो. पण अक्का, लपायची वस्तू नाही ती. वास घरभर येईल."

तिनं नीलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"येऊ दे."