विहिणी आणि पाणमांजर

लग्न ठरलं होतं, पण मुलाची आई इंग्रज, मुलीची लिथुआनियन; दोन्ही विहिणींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. मुलगा आणि होणारी सून नावेची तिकिटं काढायला गेली आणि नदीकाठच्या बाकावर मुलाची आई विहीणबाईंशेजारी अवघडून बसली. उगाच हसून हसून तिचे गाल दुखायला लागले होते. एवढ्यात पाण्यातून एका पाणमांजराचं मिशाळ डोकं वर आलं.

"ओटर!" ती ओरडली.

"ऊद्रा!" विहीणबाईही ओरडल्या.

दोघींनी चमकून एकमेकींकडे पाहिलं. आईने बोटांनी मिशा करून दाखवल्या. विहीणबाईंनी नाक धरून बाकावरच बुडी मारली. मग दोघी जणी पोट धरधरून हसत सुटल्या.

आवाज ऐकून मुलं धावत आली. सून भाषाशास्त्र शिकवायची. सगळं ऐकून तिचा चेहरा खुलला.

"आई, शब्द एकच आहे तो! हजारो वर्षांपूर्वी पाण्याच्या शब्दावरूनच पाणमांजराला नाव पडलं. पुढे माणसं पांगली, तसे उच्चार बदलत गेले."

आईने विहीणबाईंचा हात घट्ट धरला.

"मग हिला सांग, पोरी," ती म्हणाली, "स्थळ नात्यातलंच निघालं!"