शेंगदाण्यांचा कौल

टीव्हीवर दोन उमेदवार तावातावानं भांडत होते आणि सोलापुरातली अख्खी गल्ली इमामबीच्या खोलीत दाटली होती. तिनं दोघांच्या नावाची दोन पातेली मांडली होती. ज्याचं बोलणं पटेल, त्याच्या पातेल्यात मूठभर शेंगदाणे टाकायचे.

"निवडून द्या, नळाला रोज पाणी देतो!" पहिला गरजला. मुठी सुटल्या.

"मी चोवीस तास देतो!" दुसरा ओरडला. शिट्ट्या वाजल्या, दुसरं पातेलंही शिगोशीग भरलं.

"चाची, कोण जिंकलं सांगा की लवकर!" शेजारची पिंकी नाचतच म्हणाली.

इमामबी मापायला वाकली, तोच बाहेरून आरोळी आली, "पाणी आलं गंऽ!"

पाचव्या दिवशी नळ आला होता. इमामबीनं दोघांचे शेंगदाणे पलंगावर एकाच ढिगात ओतले आणि दोन्ही पातेली घेऊन ती नळाकडं धावली.