दारावरची उंची

शाळेच्या शेवटच्या दिवशी मी आणि माझ्या जिवलग मित्राने प्रयोगशाळेच्या दारावर पेन्सिलीने आपापल्या उंचीची खूण केली. निकाल लागायच्या आतच तो तापाने गेला.

पुढे मी त्याच शाळेत शिक्षक झालो. माझी खूण जागच्या जागी होती. त्याची मात्र दरवर्षी बोटभर वर सरकायची. त्याची आई येऊन तिच्यावरून हात फिरवायची.

"उंच झालाय आता," म्हणायची.

मला ते सोसवेना. काल मी दाराला रंग फासला.

आज सकाळी ओल्या रंगावर खूण पुन्हा उमटली होती, पण माझ्या कमरेइतकी खाली. त्याच्या आईने वाकून खुणेला हात लावला.

"गुडघ्यांवर बसलाय," ती म्हणाली. "काय केलंस रे त्याला?"